चारशे तोळ्यांचं झाड : एपर्नच्या एका फांदीच्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

वही सुरू. संध्याकाळच्या चांदीकामाच्या वर्गात यंदा प्रत्येकानं एक अभ्यास-नग करायचाय. संग्रहालयातली एखादी जुनी वस्तू निवडायची, तिचा एखादा भाग स्वतः घडवायचा आणि घडवताना काय कळलं ते लिहून ठेवायचं. कुणी चमचा घेतला, कुणी मिठाची वाटी, एकानं चहाची किटली. मी एपर्न म्हटलं तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अख्खा?" नाही हो. एक फांदी, तिच्यावरची एक टोपली, तीही अर्ध्या मापात.

एपर्न म्हणजे अठराव्या शतकातल्या श्रीमंत इंग्रज घरात जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवायचं चांदीचं झाड. खाली चार पाय, मध्ये मोठी जाळीदार टोपली, तिच्या बाजूंनी वळणं घेत निघालेल्या फांद्या आणि फांदीच्या टोकाला छोट्या टोपल्या किंवा तबकड्या. मधल्या टोपलीत फळं, छोट्यांत साखरेत घोळलेले बदाम, मुरांबे, लोणची. त्या काळी फ्रेंच पद्धतीनं एका फेरीतले सगळे पदार्थ एकदम मांडत. एक फेरी उचलली की दुसरी. एपर्न मात्र आपल्या जागी ठाम, जेवण सुरू झाल्यापासून उठेपर्यंत.

मी हुपरीची. आमच्या गावात घरोघरी चांदी आहे, पण ती पायात घालायची. टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत जेवायची कल्पना आप्पांना फोनवर सांगितली, तर म्हणाले, "आणि फळं खाऊन झाल्यावर?" मग काही नाही, आप्पा. पुसून कपाटात.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, आज सकाळची आरती उरकून थेट लंडनचं साउथ केन्सिंग्टन. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात न्यूडिगेट सेंटरपीसपुढे, म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवायच्या चांदीच्या नगापुढे, तासभर उभी होते. पॉल द लामरीनं १७४३-४४ मध्ये घडवलेला. सर रॉजर न्यूडिगेट आणि सोफिया कॉनियर्स यांच्या लग्नातला आहेर. (याच न्यूडिगेटच्या नावानं ऑक्सफर्डमध्ये पुढं कवितेचं पारितोषिक सुरू झालं.) लामरी जन्मानं डच मुलखातला, घराणं फ्रान्समधून धर्मापायी परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट लोकांचं. त्या शतकातल्या लंडनच्या उत्तम चांदीकामाचा माग काढत गेलं, की दर दोन-तीन नावांआड असं एक निर्वासित घर लागतं.

नग खरं तर बुटका आहे, ऐसपैस पसरलेला. मध्ये वाडगा, चार फांद्या, प्रत्येक फांदीवर एक तबकडी. रोकोको शैली, म्हणजे सरळ रेघ दिसली की कारागिराला राग यायचा अशी. शिंपले, लाटा, वेली. डाव्या बाजूला आहे ते उजवीकडे तसंच सापडेल याची हमी नाही.

नक्षी सगळ्यांनाच दिसते. मला बघायचा होता फांदीचा सांधा. फांदी अंगात कशी बसते? काचेतून वाकून, गुडघ्यावर बसून, मोबाइलचा उजेड टाकून बघितलं. पहारेकरी दोनदा शेजारून गेला. फांदीचं मूळ वरून खाली खोबणीत उतरतं, एवढं कळलं. बाकी सगळं तळाशी, आणि तळ कुठलंच संग्रहालय दाखवत नाही.

घरी येऊन मखराकडे बघत बसले आणि कुठला एपर्न करायचा ते ठरलं. १७६० च्या दशकातल्या काही एपर्नांवर चिनी देवळासारखं छत असतं, जाळीचं, कोपरे वर वळलेले. मखरच ते. तेव्हा इंग्लंडला चीनचं वेड लागलं होतं. विल्यम चेंबर्सचं चिनी इमारतींवरचं सचित्र पुस्तक १७५७ चं, क्यू बागेतला त्याचा दहा मजली पॅगोडा १७६२ चा. चांदीकाम त्यांच्या पाठोपाठ. आपल्याकडं पानिपत होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पुण्यात माधवराव पेशवे घडी बसवत होते, आणि लंडनमध्ये लोक पॅगोड्याखाली अननस ठेवून जेवत होते.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज घडवणं शून्य, वाचन दिवसभर. दोन गोष्टी नोंदवाव्यात अशा.

पहिली नावाची. 'एपर्न' फ्रेंच वाटतो, पण फ्रेंच माणसाला या अर्थानं तो कळत नाही. त्याच्या भाषेत हा 'सुर्तू'. इंग्रजांनी बहुतेक फ्रेंच 'एपार्न्य' म्हणजे बचत, काटकसर, या शब्दावरून हे नाव पाडलं. ताटल्या हातोहात फिरवायचे श्रम वाचतात, असा एक खुलासा देतात. चांदीच्या एवढ्या मोठ्या ढिगाऱ्याला काटकसर म्हणायला इंग्रजच पाहिजे.

दुसरी जास्त कामाची. पॅगोडावाल्या एपर्नांवर 'टीपी' अशी जोडाक्षरी मुद्रा असते. ही मुद्रा बराच काळ थॉमस पॉवेल नावाच्या कारागिराची समजली जाई. मग जॉन पार्कर आणि एडवर्ड वेकलिन यांच्या पेढीच्या खातेवह्या अभ्यासकांनी चाळल्या. ही पेढी म्हणजे जॉर्ज विक्सनं १७३५ मध्ये पँटन स्ट्रीटवर थाटलेल्या दुकानाचाच पुढचा अवतार. त्या वह्यांत एपर्न आणि टोपल्या पुरवणाऱ्याचं नाव निघालं थॉमस पिट्स. पिकॅडिलीजवळच्या एअर स्ट्रीटवर त्याचा कारखाना होता. गिऱ्हाइकाला दुकान पार्कर-वेकलिनचं दिसे, घडवणारा गल्लीत.

हे वाचून मला हसू आलं. हुपरीत दर दुसऱ्या घरात असा एक पिट्स बसलेला असतो. पैंजण पेढीच्या नावानं विकले जातात, आणि त्यांच्या कड्या जोडलेल्या असतात माझ्या आईसारख्या कुणीतरी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून.

मुद्रा म्हणजे घडवणाऱ्याची सही, असं आपण धरून चालतो. तशी ती नसते. चांदीच्या शुद्धतेची जबाबदारी कोण घेतो, एवढंच ती सांगते. राजपुत्र फ्रेडरिकसाठी १७४१-४२ मध्ये घडवलेला नेपच्यूनचा सेंटरपीस आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यावर मुद्रा पॉल क्रेस्पिनची, पण हात निकोलस स्प्रिमाँचा मानतात. हा लिएजहून आलेला गडी पुढं चेल्सीचा चिनीमातीचा कारखाना चालवू लागला.

५ ऑक्टोबर, शनिवार

आप्पांशी तासभर फोन. वजनावर.

जुन्या इंग्रजी चांदीच्या तळाशी बहुधा टोकदार सळईनं ओरखडल्यासारखे आकडे असतात. नग तयार झाला त्या वेळचं वजन, ट्रॉय औंस आणि पेनीवेटमध्ये. वीस पेनीवेटचा एक औंस. आज तोच नग तराजूत टाकला आणि आकडा फार खाली आला, तर टोपली हरवलीय, फांदी बदललीय किंवा अडीचशे वर्षं नोकरांनी इमानेइतबारे घासून नक्षी खाल्लीय. आकडा वर गेला तर जास्त संशय घ्यावा, कारण मागाहून कुणीतरी काहीतरी चिकटवलंय.

आप्पा म्हणाले, "औंस मला सांगू नगंस, तोळ्यात बोल."

तोळ्यात बोलायला बसले आणि गंमत सापडली. १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तोळा १८० ग्रेनचा ठरवला. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा. म्हणजे आठ तोळे बरोबर तीन औंस, वर काहीच उरत नाही. आप्पांचा जुना, ११.६६ ग्रॅमचा तोळा आणि पिट्सचा औंस एकाच काट्यावरचे. (सराफ हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यावर आप्पांचं मत इथं लिहिण्याजोगं नाही.) एखादा एपर्न दीडशे औंसांचा धरला तर चारशे तोळे. पलीकडं जरा वेळ शांतता.

"चारशे तोळं? आणि त्यात लोणचं?"

मग हिशोब केला. इंग्लंडच्या टांकसाळीचा स्टर्लिंग चांदीचा भाव औंसाला ५ शिलिंग २ पेन्स, म्हणजे ६२ पेन्स. दीडशे औंसांचे ९,३०० पेन्स. २४० पेन्सचा पौंड, तर ३८ पौंड १५ शिलिंग. ही नुसती धातूची किंमत. कारागिराची मजुरी वेगळी, तीही औंसावर आकारत आणि बिलात तिला म्हणत 'फॅशन'. घडणावळीला फॅशन! शब्द आप्पांना फार आवडला. आता म्हणतात, आमच्या बिलात पण लिवतो.

स्टर्लिंगचा टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती, साडेब्याण्णव, आणि इंग्रजी नाण्यांचाही तोच. त्यामुळं नाणी वितळवून भांडी करायचा धंदा बोकाळला. तो मोडायला १६९७ मध्ये भांड्यांसाठी ९५.८४ टक्क्यांचा चढा टंच सक्तीचा केला. १७२० मध्ये जुन्या टंचाची भांडी पुन्हा चालू झाली, सोबत औंसामागं सहा पेन्स कर घेऊन. नाण्याचं भांडं व्हायचं तसं भांड्याचंही नाणं होई. चांदीचं कपाट म्हणजे घरातली बँक. नड आली की घाला मोडीत.

आप्पांचं एक नेहमीचं वाक्य आहे, दुकानात मोड घेऊन आलेल्या बायकांना ते सांगताना मी लहानपणापासून ऐकलंय. "नक्षी तुमची, वजन आमचं." मोडीत वजनाचे पैसे मिळतात. नक्षीसाठी आधी मोजलेली घडणावळ गेली. अठराव्या शतकातलं चांदीकाम बघायचं तर हे वाक्य डोक्यात ठेवूनच बघावं लागतं. जे दिसतं ते मोडीतून चुकलेलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तांब्यात सराव. ०.८ मिलिमीटरचा पत्रा, नऊ सेंटिमीटरची तबकडी कापून लाकडाच्या खळग्यात ठोकून उथळ वाटी केली. तांबं चार-पाच फेऱ्यांत कडक होतं. लालसर तापवायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा ठोकायचं. एवढं अंगातच होतं, शिकवावं लागलं नाही.

जाळीनं मात्र रडवलं. १७६० च्या दशकात ही जाळी केसासारख्या करवतीनं हातानं कापत. भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, चौकटीत ताणायचं, एक पाकळी कापायची, पातं सोडवायचं, पुढचं भोक. साच्यात दाबून एका झटक्यात जाळी पाडणारी यंत्रं शेफील्डकडून पुढच्या दशकांत आली. हाताच्या आणि यंत्राच्या जाळीतला फरक बोटांना कळतो. हाताच्या जाळीत दोन पाकळ्या कधी सारख्या नसतात, आणि आतल्या कडेला करवतीचे बारीक आडवे दात राहतात.

चार तासांत अकरा पाकळ्या आणि सतरा मोडलेली पाती. टोपलीला पाकळ्या चौऱ्याहत्तर.

आधी जाळी कापून मग वाटी ठोकायची की उलट? उलटंच. जाळी आधी कापली तर ठोकताना पाकळ्या फाकडतात. मी अर्थातच एका तुकड्यावर ते करून बघितलं, आणि तो तुकडा आता घरी चहाच्या कपाखाली असतो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. चौरंगावर आईनं दिलेली चांदीची नाणी, शेजारी तांब्याची अर्धवट टोपली. तिच्यात लाह्या-बत्तासे ठेवले. एपर्नचं मूळ काम हेच म्हणायचं.

आजच्याच तारखेला, १७५५ मध्ये, लिस्बन कोसळलं. सगळ्या संतांचा सण, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप, समुद्राच्या लाटा, मग आग. ताग्युस नदीकाठचा राजवाडा गेला आणि त्याच्याबरोबर राजाची चांदीही. जुझे राजानं नवी चांदी मागवली पॅरिसच्या फ्रान्स्वा-तोमा जेर्मँकडून. हजाराहून जास्त नगांचं काम. त्या काळचा युरोपातला सगळ्यात नामांकित चांदीकाम करणारा, आणि १७६५ मध्ये त्याचंच दिवाळं वाजलं. एवढी मोठी गिऱ्हाइकं असूनही. आप्पा म्हणतील, मोठी गिऱ्हाइकं होती म्हणूनच.

लिस्बनला जायचं ठरवलं. नाताळात विमान स्वस्त मिळतंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फांदी. लाकडात कोरलेला नमुना तेलमातीच्या दोन डब्यांत दाबला, दोन भाग वेगळे करून नमुना काढला, ओतायची वाट आणि हवेच्या वाटा केल्या. मुशीत ८५ ग्रॅम चांदी, वर चिमूटभर टाकणखार. पारा हलावा तशी चांदी हलायला लागली की ओतायची, हात थांबवायचा नाही.

पहिल्या वेळी थांबला. फांदी मधोमध तुटकी निघाली. दुसऱ्यांदा पूर्ण, पण वळणाच्या आत फोडासारखी छिद्रं. तिसरी चांगली. तुटकी फांदी पुन्हा मुशीत गेली, त्यामुळं चांदी वाया काही गेली नाही. या धातूचं हेच सुख आणि हाच शाप. माझी चूक दहा मिनिटांत नाहीशी झाली, आणि तितक्याच सहज कुणाचं तरी उत्तम कामही होत असणार.

३० नोव्हेंबर, शनिवार

लिहायची इच्छा नाही, पण नियम म्हणजे नियम.

टोपलीच्या काठाला पिळाची तार झाळायची होती आणि तळाला बसकी कडी. जास्त उष्णतेला वितळणारा डाख, म्हणजे सांधे जोडायचा धातू, आधी वापरायचा, मग मधला, शेवटी सोपा, कमी आचेला वितळणारा. मी कडी सोप्या डाखानं लावून टाकली, कारण तीच पट्टी हाताशी होती. मग काठ झाळायला आच वाढवली तशी कडी डोळ्यांदेखत सरकली, आणि ती सावरायच्या नादात ज्योत एका पाकळीवर दोन सेकंद जास्त थांबली. पाकळीचा मणी झाला.

बाई ओरडल्या नाहीत. तो मणी चिमट्यात धरून उजेडात बघितला आणि म्हणाल्या, जुन्या टोपल्यांच्या तळाला पाहिलंत तर अशी ठिगळं खूप सापडतील. मी आप्पांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पट्ट्यांवर खुणा केल्या न्हवत्यास?" नव्हत्या. आजपासून केल्या. कडक डाखाला एक खाच, मधल्याला दोन, सोप्याला तीन.

नवी पाकळी कापून बसवायला सात तास. बारकाईनं पाहिलं तर दिसते. राहू दे.

२८ डिसेंबर, शनिवार, लिस्बन

सकाळी बेलेमला. प्रसिद्ध नातांच्या, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डच्या पेस्ट्रीच्या, दुकानासमोर रांग वळणापर्यंत, आणि त्याच रस्त्याला लागून एक बोळ. बेकू दु शाँव सालगादु, म्हणजे मीठ पेरलेल्या जमिनीचा बोळ. आत एक दगडी खांब, अंगावर पाच कडी, आजूबाजूला घरांच्या मागच्या भिंती आणि वाळत घातलेले कपडे. रांगेतलं कुणी इकडं वळत नाही.

इथं आव्हेरूच्या ड्यूकचा वाडा होता. सप्टेंबर १७५८ मध्ये जुझे राजावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. कटाचा आळ आव्हेरू आणि तावोरा घराण्यांवर आला, आणि १३ जानेवारी १७५९ ला बेलेमलाच चव्हाट्यावर त्यांना हालहाल करून मारलं. वाडा पाडला, जमिनीत मीठ कालवलं, इथं पुन्हा काही बांधू नये म्हणून हा खांब उभा केला.

त्या दिवशी मारलेला तावोराचा मार्किस, फ्रान्सिस्कु द असिस, १७५० ते १७५४ गोव्याचा व्हाइसरॉय होता. जिला त्याच दिवशी मारलं ती त्याची बायको लिओनोर गोव्यात त्याच्याबरोबर होती. मांडवीकाठी ज्यांचा दरबार भरायचा, ती माणसं चार-पाच वर्षांत या बोळापाशी संपली. मला हे ठाऊक नव्हतं. मी इथं एका चांदीच्या नगाच्या मागं आले होते.

तो नग दुपारी बघितला. राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात, रुआ दश जनेलश व्हर्दिश, हिरव्या खिडक्यांच्या रस्त्यावर. आव्हेरूच्या ड्यूकचा सुर्तू. पॅरिसमध्ये तोमा जेर्मँनं, म्हणजे त्या दिवाळखोराच्या बापानं, १७२९ ते १७३१ च्या दरम्यान घडवलेला. ड्यूकची मालमत्ता जप्त झाली तेव्हा हा राजाच्या खजिन्यात गेला.

एपर्नची आणि सुर्तूची तुलना करायला आले होते, ती पहिल्या दोन मिनिटांत झाली. पिट्सचा एपर्न हलका, जाळीचा, उभा. बघणाऱ्याची नजर त्यातून पलीकडच्या पाहुण्यापर्यंत जाते. जेर्मँचं काम घट्ट, जड, शिल्पासारखं. चांदी ओतायला त्यानं हात आखडता घेतलेला नाही. पिट्सनं भोकं पाडून चांदी वाचवली आणि घडणावळ मिळवली असं मी मनात म्हटलं, ते जरा अन्यायाचं आहे, पण अगदीच खोटं नाही.

मग तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या. १७५९ च्या जानेवारीत ड्यूक मेला आणि नग जप्त झाला. त्याच वर्षी, सात वर्षांच्या युद्धात खजिना रिकामा झाला म्हणून, पंधराव्या लुईनं स्वतःची चांदी टांकसाळीत पाठवली आणि सरदारांनाही पाठवायला लावली. त्याच्या पणजोबानं, चौदाव्या लुईनं, १६८९ मध्ये व्हर्सायचं चांदीचं सामानसुमान असंच वितळवलं होतं. म्हणून आज जुनं फ्रेंच चांदीकाम बघायचं तर फ्रान्सबाहेर जावं लागतं, ज्यांनी परदेशातून मागवून नेलं त्यांच्याकडं. हा नग पॅरिसमध्ये राहता तर बहुतेक सैनिकांचा पगार झाला असता. ज्याच्याकडं गेला त्याचा वाडा राहिला नाही, पण नग राहिला.

संध्याकाळी नाता खाल्ला. रांग चाळीस मिनिटांची.

११ जानेवारी २०२५, शनिवार

तोलाचा प्रयोग. गेले महिनाभर डोक्यात एकच प्रश्न होता. जेवताना लोक एकाच बाजूची टोपली रिकामी करणार, दुसरी भरलेली राहणार, मग झाड कलंडत कसं नाही?

प्लायवूडचा अर्ध्या मापाचा सांगाडा केला. पाय मध्यापासून सात सेंटिमीटर बाहेर, फांदीचं टोक पंधरावर. मधल्या टोपलीत वजन ठेवून सगळा मिळून ६०० ग्रॅम केला आणि एकाच फांदीच्या टोकाला बदाम टाकत गेले. पाचशे ग्रॅमच्या जरा पुढं समोरचा पाय उचलला. हिशोबानं ५२५ यायला पाहिजे, फारसा लांब नाही. मग मधली टोपली काढून सांगाडा २५० ग्रॅमवर आणला. आता सव्वादोनशेच्या आसपासच झोक गेला.

म्हणजे मधल्या टोपलीतली फळं ही नुसती शोभा नाही, ते नांगर आहेत. मांडताना मधली आधी भरायची आणि उचलताना शेवटी रिकामी करायची. हे कुठल्या तरी बटलरच्या हातांना पाठ असणार.

सांध्याचंही आज सुटलं. फांदीच्या मुळाशी चौकोनी, खाली निमुळती होत गेलेली खुंटी ठेवली आणि अंगाला तशीच खोबण. स्क्रू नाही. टोपलीचं वजन फांदीला खाली ओढतं तशी खुंटी आणखी घट्ट बसते. चौकोनी असल्यामुळं फिरत नाही. मोकळं असताना एका हातानं वर उचलून निघते. प्रत्येक खोबण हातानं कानसलेली, म्हणून एका जागेची फांदी दुसरीकडं नीट बसत नाही. जुन्या नगांवर खुंटीला आणि खोबणीला जोडीनं आकडे किंवा ठिपके असतात ते यासाठी. मी माझ्या एकुलत्या एका फांदीवर एक ठिपका मारला. दुसरी कधी झाली तर तिला दोन.

२५ जानेवारी, शनिवार

छताच्या कोपऱ्यांना काही एपर्नांवर बारीक घंटा टांगलेल्या असतात. टेबलाला धक्का लागला की किणकिणत असणार. माझ्या भागात छत नाही, तरी एक घंटा करायचा मोह आवरला नाही. टोपलीखाली लोंबेल.

हे एकच काम मला वर्गात कुणी शिकवू शकलं नाही. घुंगरू आमच्या गावचं. व्हिडिओवर आप्पा तिकडं ठोकतायत, मी इकडं. "असं नगं, अंगठ्यानं दाब. कडा आधी पातळ कर." घंटा उघड्या तोंडाची, घुंगरू बंद, पण वाटी ठोकायची रीत एकच. तिसऱ्या प्रयत्नाला आवाज आला. आईनं मागून विचारलं, "पैंजण करतीयास व्हय?"

८ फेब्रुवारी, शनिवार

उजाळा. चांदी तापवली की तिच्यातलं तांबं हवेतल्या ऑक्सिजननं काळवंडून जांभळट डाग पडतात, ते आधी काढावे लागतात. सौम्य तेजाब, मग बारीक दगड, मग पॉलिश. शेवटी आप्पांच्या हट्टाखातर रिठ्याच्या पाण्यातून. हॅरोच्या वाणसामानाच्या दुकानात रिठे मिळाले, केसांच्या रांगेत.

विकायचा असता तर ठशासाठी पाठवावा लागला असता. इथं ७.७८ ग्रॅमच्या वर असलेली वस्तू चांदी म्हणून विकायची तर ठसा हवाच, आणि तो लंडनमध्ये फॉस्टर लेनवरच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये उमटतो. सिंह, बिबट्याचं डोकं, वर्षाचं अक्षर. पिट्सचे नग त्याच जागेवरच्या जुन्या हॉलमधून गेले. १७६३ मध्ये मे अखेरीस सुरू झालेल्या वर्षाचं अक्षर एच. माझा नग विकायचा नाही, त्यामुळं सिंह नाही.

वजन मात्र घातलं. घेतलेली चांदी, डाखासकट, १६४ ग्रॅम. तयार नग १०२.६. तुकडे, ओतायच्या वाटेचा दांडा आणि कीस मिळून ५८.९. सळईनं टोपलीच्या तळाला ओरखडलं: ३ औंस ६ पेनीवेट. खाली, फक्त मला आणि आप्पांना कळेल असं, पावणेनऊ तोळे.

फोटो पाठवला. उत्तरात नगाबद्दल अक्षर नाही.

"घट किती?"

अडीच ग्रॅम, आप्पा.

"अडीच? हुपरीत दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं तुला." मग थोड्या वेळानं दुसरा मेसेज. "झाडू मार. पोतं घाल खाली. कीस हातरीत गेला असंल."

बाकाखाली झाडू मारला. १.१ ग्रॅम सापडला.